रंग नको, मोळा नको: पांढऱ्या भिंतींच्या खोलीला ऊब कशी आणायची

‘रंग बदलायचा नाही आणि भिंतीला मोळा मारायचा नाही बघा.’ बेळगावात भाड्याचं घर घेताना ही दोन वाक्यं ऐकली नाहीत असा माणूस मला अजून भेटलेला नाही. मोळा म्हणजे खिळा. पुण्या-मुंबईहून बदलीवर आलेल्यांना हा शब्द चावी हातात पडायच्या आधीच शिकावा लागतो. मग सामान लागतं, पहिली रात्र येते, ट्यूब पेटते आणि त्या पांढऱ्याफेक भिंती अंगावर येतात. घर आहे की दवाखान्याची वेटिंग रूम, असं वाटायला लागतं.

आमच्या टिळकवाडीतल्या भाड्याच्या घरात माझंही असंच झालं. पहिले सहा महिने मी भिंतीच सजवत बसले. स्टिकर, फोटो, कागदी फुलपाखरं, सगळं करून झालं. खोली होती तशीच भकास. डोक्यात उजेड पडला तो खानापूरकडच्या आज्जीच्या घरी गेल्यावर. तिच्या भिंतीही पांढऱ्याच होत्या. दरवर्षी चुना, वरून त्यात नीळ. तरी त्या घरात कधी गार, परकं वाटलं नाही, कारण तिथे भिंती सोडून बाकी काहीच पांढरं नव्हतं. खाली लाल गिलाव्याची जमीन, वर काळपट वासे आणि कौलं, सोप्यात घोंगडं, कोपऱ्यात बुट्ट्या, आणि उजेड म्हणजे एक पिवळा बल्ब, तोही खाली लोंबणारा. नव्या फ्लॅटमध्ये भिंत पांढरी, फरशी पांढरी, छत पांढरं आणि वरून ट्यूबही पांढरी. दोष भिंतीचा नाही, तिच्या सोबतीला कोणी नाही हा आहे.

म्हणून खालचा क्रम आज्जीच्या घराचा आहे: आधी उजेड, मग जमीन, मग कापड, मग लाकूड-माती. भिंत सगळ्यात शेवटी.

सुरुवातीला दोन दिवस काहीच विकत घेऊ नका

नुसतं बघा. सकाळी आठला, दुपारी तीनला आणि दिवे लागल्यावर अशी तीन वेळा त्याच खोलीत बसा. उत्तरेकडे खिडकी असेल तर खोलीत थेट ऊन जवळजवळ येत नाही, नुसत्या आभाळाचा निळसर उजेड येतो. अशा खोलीला ऊब लागते जास्त. पश्चिमेची खिडकी असेल तर दुपारनंतर भिंती आपोआप सोनेरी होतात, तिथे संध्याकाळनंतरचीच सोय करायची असते.

दुसरी गोष्ट, भिंतीवर कोरडा तळहात घासून बघा. हाताला पांढरी पूड लागली तर चुना किंवा साधा डिस्टेंपर आहे. काही लागलं नाही आणि ओल्या बोटाने पुसूनही रंग उतरला नाही, तर इमल्शन समजा. ही माहिती शेवटच्या पायरीला लागणार आहे, आत्ता नुसती लक्षात ठेवा.

तिसरी गोष्ट ओल. बाहेरच्या भिंतीच्या खालच्या हातभर भागात पोपडे किंवा करडे डाग दिसले, तर पावसाळ्यात तिथे बुरशी येणार. त्या भिंतीला काहीही टेकवायचं नाही, मग जागा कितीही मोक्याची असो.

पहिली पायरी: बल्ब

एवढी एकच पायरी केलीत आणि बाकीचा लेख सोडून दिलात तरी माझी तक्रार नाही.

पांढरी भिंत तिच्यावर पडलेल्या उजेडातला ऐंशी टक्क्यांच्या आसपास उजेड परत खोलीत फेकते. म्हणजे तुम्ही जो उजेड लावाल तोच भिंतीचा रंग. निळसर ट्यूब लावली की भिंत निळसर, उबदार बल्ब लावला की तीच भिंत सायीसारखी. रंगाचा डबा न उघडता भिंत रंगवायची ही एकच युक्ती आहे, आणि ती फक्त पांढऱ्या भिंतीवर चालते. गडद भिंत उजेड गिळून टाकते.

बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. 6500 म्हणजे ‘कूल डे-लाइट’, आपल्याकडे सरसकट खपणारा. 4000 मधला. 2700 ते 3000 म्हणजे ‘वॉर्म व्हाइट’, हा तुम्हाला हवा. जुना पिवळा तारेचा बल्ब 2700 च्याच आसपास असायचा. दुकानात ‘पिवळा बल्ब द्या’ म्हणू नका, नाहीतर अर्ध्या वॅटचा पिवळा रंगीत झिरो बल्ब हातात पडतो. माझ्या हातात पडलाय. ‘वॉर्म व्हाइट, 2700 किंवा 3000’ असंच म्हणा, दुकानातच लावून बघा, आणि एका खोलीत दोन वेगळे आकडे मिसळू नका. एक बल्ब सोनेरी आणि एक निळा असला की दोन्ही आजारी दिसतात.

बरोबर आकड्याचा बल्ब घेऊनही लोक पुढे एक चूक करतात, तो छतालाच लावतात. वरून पडणारा एकच उजेड खोली सपाट करतो आणि चारही भिंती एकसारख्या पेटवतो. ऊब येते ती उजेड-सावलीच्या खेळातून. तेव्हा एका मोठ्या दिव्याऐवजी तीन लहान घ्या, पाच वॅटचे पुरेत. ते जमिनीपासून तीन-चार फुटांच्या आत, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या खाली ठेवा. निदान एकाचं तोंड भिंतीकडे करा. भिंतीवर आपटून परत येणारा तो उजेड इतका मऊ असतो, की भिंतच दिव्याचं झाकण होते.

यासाठी वायरमन बोलवावा लागत नाही. प्लग, लांब वायर आणि होल्डर असलेला तयार सेट इलेक्ट्रिकच्या कोणत्याही दुकानात मिळतो. झाकण म्हणून बुरुडाकडची विरळ विणीची बुट्टी उपडी घाला. भिंतीवर जी जाळी उमटते ती कुठल्याही वॉलपेपरपेक्षा देखणी. मात्र बल्ब एलईडीच हवा आणि बांबूपासून चार बोटं लांब. तारेच्या बल्बावर बुट्टी घालू नका, तो भाजतो. बेळगावचं जुनं नाव वेणुग्राम, वेळूचं गाव, तेव्हा बांबूची जाळी या गावातल्या भिंतीवर उपरी वाटणार नाही.

दिवाळीनंतर माळ्यावर टाकलेला आकाशकंदीलही काढा. चमकीचा नको, साध्या कागदाचा किंवा कापडाचा. कोपऱ्यात स्टुलावर ठेवला की वर्षभर काम करतो. येणारे-जाणारे पहिल्यांदा हसतात आणि नेमके त्याच कोपऱ्यात बसतात.

बिलाची काळजी असेल तर हिशेब असा. पाच-पाच वॅटचे तीन दिवे रोज पाच तास म्हणजे महिन्याला सव्वादोन युनिट. कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेतल्या 200 युनिटांच्या मर्यादेला याने धक्का लागत नाही.

स्वयंपाकघरात आणि मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर मात्र हे करू नका. तिथे 4000 चा बल्ब ठेवा. तांदळातला खडा आणि वहीतलं अनुस्वाराचं टिंब सोनेरी उजेडात दिसत नाही.

दुसरी पायरी: जमीन

पांढऱ्या चकचकीत फरशीवर बोललं की आवाज घुमतो. हा घुमणारा आवाजही परकेपणाचाच भाग आहे, कारण रिकाम्या घराचा आवाज आपल्याला ओळखता येतो. फरशी, भिंत, काच, तिन्ही टणक, आवाज शोषून घेणारं काहीच नाही. खाली कापड पडलं की खोली दिसायला बदलायच्या आधी ऐकायला बदलते.

आपल्या भागाचं भाग्य असं, की यासाठी मशीनवरचा गुळगुळीत गालिचा आणायची गरज नाही. धारवाड जिल्ह्यातल्या नवलगुंदचा जमखाना सुती असतो, बायका हातमागावर विणतात, त्याला भौगोलिक मानांकनही आहे. लाल-पिवळ्या-काळ्या रंगांच्या ठसठशीत चौकोनी नक्षीचा एक जमखाना पांढऱ्या खोलीत टाकला की बाकी सजावटीला फारसं काम उरत नाही. बजेट नसेल तर साधी सतरंजी घ्या, पण गडद. विटकरी, डाळिंबी, मातकट. फिकट राखाडी नको, पांढऱ्या फरशीवर ती आजारी दिसते.

मला स्वतःला घोंगडं आवडतं. दख्खनी मेंढीच्या लोकरीचं, काळं, खरखरीत. आठवडी बाजारात किंवा जत्रेत मिळतं. पायाला टोचतं ही तक्रार खरी आहे, म्हणून मी ते पायाखाली न टाकता दिवाणावर पसरते. पांढऱ्या भिंतीसमोर ते काळं घोंगडं आणि वर दोन रंगीत उशा, एवढ्यावर आमचा अख्खा हॉल उभा आहे. घोंगड्याला वास असतो, तो दोन-तीन उन्हं दाखवल्यावर जातो. कसर मात्र लागते, म्हणून ठेवायचं झालं तर आधी कडक ऊन आणि घडीत वाळलेला कडुनिंबाचा पाला.

माप चुकवू नका. मोठ्या खोलीच्या मध्यावर छोटीशी सतरंजी टाकली की ती पायपुसण्यासारखी दिसते. सोफ्याचे किंवा दिवाणाचे निदान पुढचे पाय तिच्यावर यायला हवेत. फरशी गुळगुळीत असेल तर खाली रबरी जाळी टाका. घरात म्हातारं माणूस असेल तर जाळीशिवाय सतरंजी टाकूच नका.

आता पाऊस. बेळगाव शहरात आणि त्याहून जास्त खानापूर-कणकुंबीच्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर फरशीलाच घाम फुटतो. सुती जमखाना या दिवसांत ओल धरतो आणि खालून बुरशी येते. मृग लागायच्या आत गुंडाळून उंचावर ठेवा आणि दसऱ्याच्या साफसफाईला बाहेर काढा. अथणी, रायबागकडच्या लोकांना ही कटकट नाही, त्यांची कटकट धूळ. तिकडे जाड गालिचा नकोच, झटकता येईल अशी पातळ सतरंजी बरी.

तिसरी पायरी: पडदे आणि वाकळ

पांढऱ्या भिंतीला पांढरा पडदा ही मासिकांतली फॅशन आहे. तिथे फोटो काढून माणसं आपल्या घरी जातात, तुम्हाला त्या खोलीत राहायचंय.

आईची, सासूबाईंची जुनी इरकल कपाटात पडून असेल तर तिचा पडदा करा. नऊवारी म्हणजे सुमारे आठ मीटर, साधारण सत्तावीस फूट. दाराला साडेसात फुटांचे तीन पडदे निघतात, पदर शिल्लक राहतो, त्यात उशीचे दोन अभ्रे होतात. खिडकीचे पडदे पाच फुटांचे धरले तर पाच निघतात. साडीचा पन्हा चार फुटांच्या आसपास असतो. चार फुटांच्या खिडकीला दोन पडदे लावले की दुप्पट कापड होतं आणि चुण्या भरघोस पडतात. एकाच पडद्यात भागवू नका, ताणून बसवलेला पडदा चादर वाळत घातल्यासारखा दिसतो.

मागून मांजरपाटाचं अस्तर लावा. ऊन थेट लागलं की रंग उडतो, रेशीम तर चिरतंच. पश्चिमेच्या खिडकीला रेशमी साडी देऊच नका, सुती द्या. शिवायच्या आधी साडी एकदा एकटीच गार पाण्यात धुऊन बघा, लाल आणि हिरवा रंग जातो की नाही ते पडदा होण्याआधी कळलेलं बरं.

शहापूर, वडगाव, खासबागचा विणकरी पट्टा जवळ असल्यामुळे आपल्याकडे कापडाला तोटा नाही. उशांना गुळेदगुड्डचा खण घ्या. खणाची चमक उबदार बल्बखाली जशी खुलते तशी ट्यूबखाली कधीच खुलत नाही. हे मी दोन्ही उजेडांत एकच उशी ठेवून पाहिलंय.

रॉडचं काय? बहुतेक घरांत जुन्या भाडेकरूचे ब्रॅकेट असतात, ते वापरा. नसतील तर स्प्रिंगचा रॉड आणा, तो खिडकीच्या दोन बाजूंच्या भिंतींत दाबून बसतो, मोळा लागत नाही. चार फुटांपर्यंत ठीक, त्यापुढे जड पडद्याने मधून वाकतो. खिडकी रुंद असेल तर मालकीणबाईंना सरळ विचारा: ‘काकू, पडद्याच्या रॉडपुरते चार स्क्रू मारू का? जाताना भरून देतो.’ माझा अनुभव असा, की मोळ्याला नाही म्हणणाऱ्या काकू पडद्याला नाही म्हणत नाहीत. होकार मिळाला तर तो व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या, डिपॉझिट परत घेताना उपयोगी पडतो. आणि मग रॉड खिडकीच्या चौकटीवर न लावता छताच्या जवळ, दोन्ही बाजूंना वीतभर जास्त लांब घ्या. तेवढी पांढरी भिंत झाकली जाते आणि खिडकी मोठी वाटते.

वाकळ विसरू नका. जुन्या लुगड्यांची, हाताने दोरे घातलेली. पलंगाच्या पायथ्याशी घडी करून ठेवा किंवा खुर्चीच्या पाठीवर टाका. घरात वाकळ शिवणारं कोणी उरलं नसेल तर हल्याळ, यल्लापूरकडच्या सिद्दी बायका शिवतात ती कवंदी शोधा. तिच्या कोपऱ्यांवर कापडाचे त्रिकोणी तुकडे शिवून ‘फुलं’ केलेली असतात. रंग असे बिनधास्त, की समोरची भिंत पांढरी असल्याचा आनंद व्हावा.

चौथी पायरी: तपकिरी काहीतरी

लाकूड, बांबू, माती. एका खोलीत तिन्हींतलं निदान एक हवं. नवं फर्निचर घ्यायची गरज नाही. गावाकडे परड्यात पडलेली काठवट, घडवंची, जुना पाट, पितळी कड्यांची पेटी, यांतलं एक उचलून आणा. काठवट घासून, वाळवून जवसाचं तेल पातळ लावा. ते वाळतं. शेंगदाण्याचं तेल लावू नका, चिकट राहून धूळ धरतं आणि पुढे वास मारतं. दोन-तीन दिवसांनी ती पेटीवर भिंतीला टेकवून उभी करा. पांढऱ्या भिंतीवर ते गडद, झिजलेलं लाकूड जेवढं उठून दिसतं तेवढं रंगीत भिंतीवर दिसणार नाही.

मातीची भांडी खानापुरात मिळतात, कुंभारकामाचं प्रशिक्षण देणारी खादी-ग्रामोद्योगाची संस्थाही तिथेच आहे. एका मोठ्या लाल मडक्यात वाळलेलं गवत किंवा कणसं उभी करा. कुंडीत मनी प्लांट लावून तिच्या मागे नव्हे, पुढे जमिनीवर दिवा ठेवलात तर पानांची सावली भिंतीभर पसरते. फळीवर गोकाकची लाकडी फळं ठेवली की पाहुणा एकदा तरी पेरू उचलून बघतोच. सावंतवाडीची फळं चांगली की गोकाकची हा वाद मी इथे काढत नाही, आमच्या घरात दोन्हीकडचे लोक आहेत.

या पायरीत हात आवरा. तीन-चार वस्तू झाल्या की थांबा, नाहीतर खोलीचं संग्रहालय होतं आणि दर रविवारी धूळ पुसायला तुम्हीच असता.

शेवटची पायरी: भिंत

आता तळहाताची परीक्षा आठवा. पूड लागत असेल तर चिकटवायचे हुक लावू नका. हुक भिंतीला चिकटत नाही, पुडीला चिकटतो. मी लावला होता. रात्री दोन वाजता फ्रेम काचेसकट खाली आली, आणि तळहाताएवढा पोपडा घेऊन आली. चुन्याच्या भिंतीला काही लटकवायचंच नाही, टेकवायचं. पेटीवर, टेबलावर, कपाटावर फ्रेम उभी करा, मोठी मागे आणि लहान पुढे. जुन्या घरात खुंट्या आणि कोनाडे असतील तर तुम्ही नशीबवान: खुंटीला शबनम नाहीतर टोपी, कोनाड्यात दिवा, काम झालं.

इमल्शनवर हुक चालतात. कोरड्या फडक्याने जागा पुसा, हुक अर्धा मिनिट दाबून धरा, तासभर काही अडकवू नका. पाकिटावर जेवढं वजन लिहिलंय त्याच्या निम्मंच द्या. पावसाळ्यात नवा हुक लावू नका. काचेऐवजी कापड लटकवा: कसुती भरतकामाचा एखादा तुकडा, खणाची लांब पट्टी, जुन्या साडीचा पदर एका बांबूच्या काठीत ओवून. हलकं असतं, पडलं तरी फुटत नाही.

उंचीचं एक बघा. चित्राचा मध्य जमिनीपासून 57 इंच असा नियम सगळीकडे सांगतात. तो उभ्याने चित्र बघणाऱ्यांचा. आपल्याकडे दिवाणावर, सतरंजीवर बसून गप्पा होतात, तेव्हा फूटभर खाली घ्या. उंच टांगलेली छोटी फ्रेम सरकारी ऑफिसची आठवण करून देते.

सगळ्या भिंती भरू नका. ज्या भिंतीकडे तोंड करून तुम्ही बसता तीच एक घ्या, बाकी मोकळ्या राहू देत, दिव्याच्या सावल्यांना जागा लागते. बाहेरच्या भिंतीवर लावलेलं कापड जुलैत एकदा उलटून बघा, मागे करडे ठिपके दिसले तर उतरवून कडेच्या कोरड्या भिंतीवर न्या.

घर सोडताना हुक पुढे ओढून उपटू नका. ओढपट्टीचा असेल तर पट्टीचं टोक भिंतीला समांतर, सरळ खाली, सावकाश ओढत न्या, ती लांबत जाते आणि हुक आपोआप सुटतो. साध्या चिकटपट्टीचा असेल तर हेअर ड्रायरने मिनिटभर गरम करून मागे दोरा घाला आणि करवतीसारखा खालपर्यंत ओढा. उरलेला चिकट थर बोटाने गोळा होऊन निघतो. पुसट डाग राहिला तर मुलांच्या दप्तरातलं पांढरं खोडरबर घ्या, रंगीत नको, त्याचाच रंग भिंतीला लागतो.